आराखडा कपाटात, मूल वर्गात

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात आईच्या हातातल्या पिशवीवरून आजार किती जुना आहे ते कळते. आजार नवा असेल तर हातात फक्त केसपेपर असतो. जुना असेल तर साडीच्या दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी असते. ती टेबलावर रिकामी केली की मेंदूचा आलेख, स्कॅनचे रिपोर्ट, दिव्यांग प्रमाणपत्राच्या झेरॉक्स, रेशनकार्ड, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या असे सगळे बाहेर पडते.

समीरच्या आईची पिशवी अशीच होती. (मुलाचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) समीर नऊ वर्षांचा. त्याला अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार आणि सौम्य बौद्धिक अक्षमता. गावातल्या शाळेत तिसरीत शिकणारा. त्या दिवशी मी दुसराच कागद शोधत होतो आणि हाताला तीन पिवळे फॉर्म लागले. वर लिहिले होते, ‘वैयक्तिक शैक्षणिक आराखडा’. तीन वर्षांचे तीन.

मी ते वाचले. पहिल्या वर्षी लिहिले होते, ‘भाषा : वाचनात सुधारणा करणे. गणित : संख्याज्ञान वाढवणे. सामाजिक : इतरांशी मिसळणे.’ दुसऱ्या वर्षी शब्दन्‌शब्द तेच. तिसऱ्या वर्षीही तेच, फक्त एका ओळीत समीरऐवजी भलत्याच मुलीचे नाव होते. कोणाचा तरी आराखडा उतरवून घेताना ते तसेच राहून गेले असणार.

‘ताई, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं होतं का?’ मी विचारले.

‘सही घेतली होती डॉक्टर. जपून ठेवा म्हणाले.’

मला राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. कारण त्याच पिशवीत माझ्या अक्षरातला एक केसपेपर होता. दोन वर्षांपूर्वीचा. त्यावर औषधांच्या खाली मी एवढेच लिहिले होते, ‘विशेष शिक्षणाचा सल्ला दिला.’ हे वाचून शाळेतल्या शिक्षकाने सोमवारी सकाळी नेमके काय करायचे? मी शाळेला काहीच सांगितले नव्हते आणि शाळेने मला काही विचारले नव्हते. मधे ती माउली पिशवी घेऊन हिंडत होती.

आराखडा म्हणजे काय?

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची कल्पना साधी आहे. वर्गातील बहुतेक मुलांना एकच अभ्यासक्रम, एकच वेग चालतो. काहींना चालत नाही. अशा प्रत्येक मुलासाठी वेगळा विचार करून लिहून ठेवायचे की आज त्याला काय येते, वर्षअखेर काय यायला हवे, त्यासाठी कोणती मदत लागेल, ती कोण करणार, प्रगती कशी मोजणार आणि पुन्हा एकत्र कधी बसणार.

अमेरिकेत १९७५च्या कायद्याने असा आराखडा प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा हक्क ठरला. तिथे तो वर्षातून किमान एकदा तपासावा लागतो आणि तो करणाऱ्या गटात पालक असावेच लागतात. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली. दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर शिकवणे, त्यांच्या गरजेप्रमाणे साहाय्य देणे आणि प्रत्येकाचा शाळेतील सहभाग व प्रगती यांवर लक्ष ठेवणे ही शाळांची जबाबदारी असल्याचे हा कायदा सांगतो. ‘समग्र शिक्षा’ योजनेतले विशेष शिक्षक हे आराखडे तयार करतात.

इथे पालकांचा एक गोंधळ नेहमी होतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की काम झाले असे त्यांना वाटते. प्रमाणपत्र महत्त्वाचे आहेच. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, शिष्यवृत्ती आणि प्रवास सवलतींसाठीही तो कागद लागतो. पण तो फक्त आकडा सांगतो. ‘५० टक्के’ असे लिहिलेल्या दोन मुलांपैकी एकाला शर्टाची बटणे लावायला शिकायचे असते, तर दुसऱ्याला चौथीचे पुस्तक वाचायचे असते. हा फरक फक्त आराखड्यात येतो, म्हणून तो नीट केलेला असला पाहिजे.

नाण्यांचा तक्ता

त्या वर्षी जूनमध्ये समीरच्या भागात नव्या विशेष शिक्षिका आल्या होत्या. त्या फिरत्या शिक्षिका आहेत. आठवड्यात अनेक शाळांना भेट, त्यामुळे समीरच्या वाट्याला त्यांचा एखादाच दिवस येतो. उरलेले दिवस तो वर्गशिक्षकांकडे आणि घरी आईकडे. एका मुलाला शिकवणारी तीन माणसे तीन ठिकाणी. कागदावरचा आराखडा मात्र तालुक्याच्या कपाटात.

या मॅडमनी फार मोठे काही केले नाही. जुने फॉर्म बाजूला ठेवले, समीरच्या आईला विचारले, ‘त्याला काय यावंसं वाटतं तुम्हाला?’ आई म्हणाली, ‘दुकानातून सामान आणता यावं. पैसे कळत नाहीत त्याला.’ मग मॅडमनी उद्दिष्ट लिहिले : ‘दिवाळीपर्यंत समीर एक, दोन, पाच आणि दहा रुपयांची नाणी ओळखेल. दहा वेळा विचारल्यावर आठ वेळा बरोबर, सलग तीन आठवडे.’

‘संख्याज्ञान वाढवणे’ आणि हे, यांत काय फरक आहे पाहा. पहिले वाक्य कधीच खोटे ठरत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही. दुसरे वाक्य खरे ठरते किंवा फसते. फसले तर पद्धत बदलायची की उद्दिष्ट, हा विचार करता येतो.

पुढची गोष्ट तंत्रज्ञानाची. मॅडमनी मोबाइलवर एक सामायिक तक्ता केला. गूगलवर फुकट मिळतो तसा, आपण हिशेबाला वापरतो तसाच. तो वर्गशिक्षकांच्या आणि आईच्या मोबाइलवरही उघडत असे. दर शुक्रवारी वर्गशिक्षक समीरला दहा नाणी दाखवत, बरोबर उत्तरांचा आकडा भरत आणि शेजारच्या रकान्यात एखादी ओळ लिहीत. दोन मिनिटांचे काम. आकडे भरले की आलेख आपोआप वर-खाली होई. शुक्रवारी आकडा भरायचा राहिला तर शनिवारी सकाळी आठवण येई.

सप्टेंबरमध्ये समीर तपासणीला आला. जुलैमध्ये त्याच्या फिट्स वाढल्या होत्या म्हणून मी फेनोबार्बिटोनचा डोस वाढवला होता. ‘फिट आली का?’ ‘नाही डॉक्टर, एकही नाही.’ मी खूश. केसपेपरवर ‘नियंत्रणात’ लिहिले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारणार, तेवढ्यात आईने मोबाइल पुढे केला. ‘मॅडमनी हे तुम्हाला दाखवायला सांगितलंय.’

पडद्यावर आलेख होता. जूनमध्ये दहापैकी तीन, मग चार, जुलैच्या सुरुवातीला सहा. मग घसरण. पाच, तीन, तीन, दोन. शेजारच्या रकान्यात वर्गशिक्षकांच्या ओळी होत्या : ‘आज पेंगत होता.’ ‘मधल्या सुट्टीआधी झोपला.’ ‘चिडचिड करतो, नाणी फेकली.’ ‘पहिल्या तासाला बरा, नंतर लक्ष नाही.’

घसरण सुरू झाली तो आठवडा आणि मी डोस वाढवल्याची तारीख जवळजवळ एकच होती.

फेनोबार्बिटोन हे जुने, स्वस्त आणि गुणकारी औषध आहे. असंख्य मुलांच्या फिट्स त्याने थांबल्या आहेत. पण काही मुलांमध्ये त्याने झोपाळूपणा येतो, चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही. हे मला गेली तीस वर्षे माहीत आहे. विद्यार्थ्यांना मी ते शिकवतोही. तरीही ओपीडीच्या गर्दीत मी आईला एकच प्रश्न विचारला होता, फिट आली का. मूल शाळेत कसे आहे हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नव्हता. आईलाही वाटत होते की पोरगे शांत झाले, म्हणजे औषध लागू पडले.

लगेच सगळा दोष औषधाला देणेही बरोबर नव्हते. मूल मागे पडण्याची कारणे अनेक असतात. रात्री झोपेत फिट येत असेल, कमी ऐकू येत असेल, अंगात रक्त कमी असेल, घरात काही घडले असेल. आम्ही तेही तपासले. मग दुसरे औषध सुरू करून फेनोबार्बिटोन टप्प्याटप्प्याने, काही महिन्यांत कमी केले. (पालकांना कळकळीची विनंती : अपस्माराचे कोणतेही औषध स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. अचानक थांबवल्यास जिवावर बेतणारी दीर्घ फिट येऊ शकते.) नोव्हेंबरपासून आलेख पुन्हा चढू लागला. दिवाळीची मुदत चुकली होती. पण ती का चुकली हे या वेळी सगळ्यांना माहीत होते.

तंत्रज्ञान कुठे उपयोगी पडते?

या अनुभवानंतर मी या विषयाकडे जरा गंभीरपणे पाहू लागलो. तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महागडी यंत्रे येतात. पण आराखड्याच्या कामात त्याचे उपयोग अगदी साधे आहेत.

पहिला, लक्षात ठेवणे. पुढचा आढावा कधी, श्रवणयंत्राची बॅटरी कधी बदलायची, चष्म्याची तपासणी केव्हा, या तारखा माणूस विसरतो, मोबाइल विसरत नाही.

दुसरा, एकच माहिती सगळ्यांसमोर ठेवणे. वाचा-उपचारतज्ज्ञ ‘प’ आणि ‘ब’च्या उच्चारावर काम करत असतील, तर वर्गशिक्षकांना ते ठाऊक हवे. शिक्षक बदलून गेले, कुटुंब ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेले, तरी नव्या शाळेला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये. स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या दिव्यांग मुलांची दर वर्षी नव्याने ‘ओळख परेड’ होते. ती यामुळे थांबू शकते.

तिसरा, पाहणे. डॉक्टरसाठी हा सर्वांत मोलाचा. ‘अधूनमधून कुठेतरी हरवतो’ असे शिक्षक म्हणतात. ती दिवास्वप्ने आहेत की काही सेकंदांची फिट, हे शब्दांवरून ठरवणे अवघड. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असेल तर पुष्कळदा लगेच दिशा मिळते. दवाखान्यात मूल बिथरलेले असते, त्याचे खरे चालणे-बोलणे घरी आणि शाळेतच दिसते.

चौथा, मुलाच्या हातात साधन देणे. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईत ‘जेलो’ नावाचे मोफत अॅप विकसित झाले आहे. त्यातल्या चित्रावर बोट ठेवले की मोबाइल मराठीतही बोलतो. अक्षरे न दिसणाऱ्या किंवा वाचन न जमणाऱ्या मुलाला मोबाइल मजकूर वाचून दाखवतो. आराखड्यात अशी साधने नावानिशी लिहिलेली असली पाहिजेत आणि ती वापरायला मुलाला कोण शिकवणार हेही.

त्याच्या आधीची पायरी असते ती मूल ओळखण्याची. त्यासाठी एनसीईआरटीने ‘प्रशस्त’ हे अॅप तयार केले आहे. त्यात कायद्यातील २१ प्रकारच्या दिव्यांगतांची प्राथमिक चाचपणी करता येते. आधी वर्गशिक्षक प्रश्नावली भरतात, मग विशेष शिक्षक पडताळणी करतात. मात्र ही चाळणी आहे, निदान नाही. अॅपमध्ये खूण आली म्हणून मुलावर शिक्का मारायचा नसतो. तिथून पुढे आरोग्य तपासणीची गरज असते. २०१३ साली पालघरमधून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जातात. ती अशा मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचार, वाचा-उपचार, मानसशास्त्रज्ञ अशी मदत एका छताखाली मिळावी ही अपेक्षा आहे. शाळेची नोंद आणि या केंद्राची नोंद एकमेकींशी बोलू लागल्या तर अर्धे काम होईल. आज तो दुवा बहुतेक वेळा आईची पिशवी हाच आहे.

आणि कुठे नाही?

आता दुसरी बाजू. समीरचा आराखडा हाताने उतरवलेला होता, त्याला निदान पंधरा मिनिटे लागली असतील. संगणकावर तेच काम एका क्षणात होते. आता तर मुलाचे नाव, वय आणि आजार सांगितला की कृत्रिम बुद्धिमत्ता सुबक मराठीत चार पानी आराखडा काढून देते. कच्चा मसुदा म्हणून त्याचा उपयोग आहे, शिक्षकांचा लिहिण्याचा वेळ वाचतो. पण समीरला दुकानातून सामान आणायचे आहे हे त्या यंत्राला कसे कळणार? ते आईला विचारावे लागते. मुलाला न पाहता केलेला आराखडा कितीही देखणा असला तरी त्याची किंमत पिवळ्या फॉर्मइतकीच.

दुसरा धोका नोंदींच्या ओझ्याचा. आपल्या शिक्षकांना आधीच डझनभर ठिकाणी माहिती भरावी लागते. त्यात आणखी एक लांबलचक फॉर्म आला की शुक्रवारी नाणी न दाखवताच आकडा भरला जाईल. खोटा आलेख हा आलेख नसण्यापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर मी औषध ठरवीन. म्हणून एका वेळी दोन-तीन उद्दिष्टे, आठवड्यात एक नोंद, दोन मिनिटे. याहून जास्त मागू नये.

तिसरी गोष्ट माणसांची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्रमाण ठरवले की प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढे दर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा. समीरच्या मॅडमकडे याच्या कितीतरी पट मुले आहेत. तक्ता त्यांचा वेळ वाचवतो, पण नवा वेळ निर्माण करत नाही. रुग्णालयात मॉनिटर लावले म्हणून परिचारिका कमी करता येत नाहीत, तसेच हे आहे.

चौथी गोष्ट खासगीपणाची. माझ्याकडे येणाऱ्या पालकांचे मोबाइल पाहिले की पोटात गोळा येतो. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र, बुद्ध्यांकाचा रिपोर्ट, फिट येतानाचा व्हिडिओ! हे मूल उद्या मोठे होणार आहे, नोकरी मागणार आहे, लग्न करणार आहे. मोबाइलवरून सुटलेला फोटो परत बोलावता येत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीच्या वापराला पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. शाळेने, दवाखान्याने किंवा एखाद्या अॅपने माहिती मागितली तर ती कोण पाहणार, किती दिवस ठेवणार हे विचारायला संकोचू नका. समीरच्या तक्त्यात त्याचे पूर्ण नाव नाही, आजाराचे नाव नाही. फक्त नाणी आहेत आणि तो चारच माणसांना उघडतो.

पालकांनी काय करावे?

तुमच्या घरी, नात्यात, शेजारी विशेष गरज असलेले मूल असेल तर शाळेत जाऊन त्याचा आराखडा मागा. तो तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा आणि समजल्याशिवाय सही करू नका. प्रत्येक उद्दिष्टापुढे एकच प्रश्न विचारा, ‘हे जमलं की नाही, ते आपल्याला कसं कळणार?’ उत्तर मिळाले नाही तर ते उद्दिष्ट पुन्हा लिहायला सांगा. मोबाइल नसेल तर शंभर पानी वहीतही हा तक्ता होतो. तारीख, आकडा, एक ओळ. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना ती वही बरोबर आणा. डॉक्टर घाईत असले तरी पुढे करा. समीरच्या आईने तेच केले.

आम्हा डॉक्टरांनाही काही बदलावे लागेल. ‘विशेष शिक्षणाचा सल्ला’ लिहून मोकळे होण्याऐवजी मी आता चार ओळी शाळेसाठी लिहितो. याला पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, औषधाने झोप आली तर कळवा, वर्गात फिट आल्यास कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका. यासाठी मला दोन-तीन मिनिटे लागतात. ती मला आधीही परवडली असती.

फेब्रुवारीत समीर आला तेव्हा आलेखावर सलग तीन आठवडे आठ, नऊ, आठ होते. मी खिशातून पाचाचे नाणे काढून त्याच्यापुढे धरले. ‘हे किती?’ तो म्हणाला, ‘पाच.’ आणि नाणे स्वतःच्या खिशात घातले. आई ओरडली, ‘अरे, परत दे डॉक्टरांना!’ मी म्हटले, ‘राहू दे ताई.’ जाताना तो रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या टपरीवर थांबला. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा मागितला आणि नाणे काउंटरवर ठेवले. आई चार पावले मागे उभी होती. तिने मदत केली नाही.